9-3 आणि हातात नारळ: फ्रँक सोलिच यांची हकालपट्टी आज कशी दिसते?

ओमाहात नोकरीनिमित्त आलेल्या एका वाचकाचा प्रश्न असा: "ऑफिसात कुणालाही विचारा, नेब्रास्का फुटबॉलचं वाटोळं 2003 मध्ये फ्रँक सोलिच यांना काढल्यापासून झालं, असंच ऐकायला मिळतं. बारापैकी नऊ सामने जिंकलेल्या कोचला काढलंच का? आणि आज बघता तो निर्णय खरंच इतका चुकीचा होता का?"

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. सोलिच यांना कधीच काढायला नको होतं, असं मी म्हणणार नाही. पण 29 नोव्हेंबर 2003 ला, हातात दुसरा माणूस नसताना, आणि त्यांनी केलेली दुरुस्ती लागू पडायला लागली असताना काढायला नको होतं. तुमच्या ऑफिसातली मंडळी या दोन गोष्टी एकत्र करतात आणि मग पुढच्या वीस वर्षांचं सगळं खापर त्या एका शनिवारवर फोडतात. ते काही मला पटत नाही.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात बरीच वर्षं कोचेसचे करार आणि बजेट बघतो. नेब्रास्काशी माझा नोकरीचा संबंध नाही. पण आमच्या धंद्यात हे प्रकरण माहीत नसलेला माणूस सापडणार नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. हा अमेरिकन फुटबॉल, हेल्मेटवाला. नेब्रास्का हे तेव्हा जेमतेम 17 लाख वस्तीचं राज्य. तिथे मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही, त्यामुळे सगळा जीव विद्यापीठाच्या संघात. लिंकन या विद्यापीठाच्या शहरातल्या मेमोरियल स्टेडियममधली तिकिटं नोव्हेंबर 1962 पासून प्रत्येक सामन्याला संपत आली आहेत. त्याच वर्षी बॉब डेव्हनी कोच म्हणून आले, 1973 पासून टॉम ऑस्बॉर्न आले आणि 1997 पर्यंत राहिले. दोघांत मिळून पाच राष्ट्रीय विजेतेपदं: 1970, 1971, 1994, 1995 आणि 1997. ऑस्बॉर्न यांनी 25 वर्षांत एकदाही नऊपेक्षा कमी सामने जिंकले नाहीत. निवृत्ती जाहीर केली तेव्हाच त्यांनी गादी सोलिच यांच्या हवाली केली. सोलिच घरचेच. साठच्या दशकात डेव्हनींच्या हाताखाली फुलबॅक म्हणून खेळलेले, 1979 पासून तिथेच सहायक.

आता त्यांचा हिशेब बघा. 1998 ला 9-4, म्हणजे नऊ विजय, चार पराभव. 1999 ला 12-1, बिग 12 या नेब्रास्काच्या कॉन्फरन्सचं (विद्यापीठांच्या साखळी स्पर्धेचं) विजेतेपद आणि फिएस्टा बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात टेनेसीवर 31-21 असा विजय. 2000 ला 10-2. 2001 ला 11-2 आणि थेट राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. एरिक क्राउच या त्यांच्या क्वार्टरबॅकला (आक्रमणाची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूला) त्याच वर्षी हाइझमन ट्रॉफी, म्हणजे विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळाली. 2002 ला 7-7. 2003 ला साखळी संपली तेव्हा 9-3. एकूण 58 विजय, 19 पराभव. गंमत म्हणजे खुद्द ऑस्बॉर्न यांच्या पहिल्या सहा हंगामांत 55 विजय होते. 1974, 1977 आणि 1978 या तीन वर्षी तर त्यांचा आकडाही 9-3 च होता. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला त्यांना बावीस हंगाम लागले.

सोलिच यांचे पाठीराखे हा हिशेब इथेच थांबवतात. मी थांबवत नाही, कारण एकूण बेरजेत पाणी कुठे मुरतंय ते दिसत नाही.

23 नोव्हेंबर 2001. नेब्रास्का 11-0, समोर कोलोरॅडो, त्यांच्या मैदानावर. निकाल 62-36. हरणं एक वेळ ठीक, पण नेब्रास्काच्या बचावफळीला मधोमध चिरत कोलोरॅडोचे धावपटू आरामात पळाले. जमिनीवरून बॉल पळवणं ही आजवर नेब्रास्काची मक्तेदारी होती. त्या दिवशी तेच औषध त्यांना पाजलं गेलं. इतकं होऊनही तेव्हाच्या संगणकी क्रमवारीच्या कृपेने नेब्रास्काला विजेतेपदाचा सामना मिळाला, आपल्या गटात पहिला नंबर नसतानाही. तिथे मायामीने 37-14 ने धुतलं. 2002 मध्ये पेन स्टेटकडून 40-7, कॅन्सस स्टेटकडून 49-13. सलग 40 वर्षांची, म्हणजे 1962 पासूनची, विजयी हंगामांची मालिका तुटली.

त्या कोलोरॅडो सामन्यापासून पुढचं मोजा: दोन पराभव, मग 7-7, मग 9-3. म्हणजे शेवटच्या 28 सामन्यांत 16 विजय, 12 पराभव. माझ्या टेबलावर अशी फाईल आली, तर मीही भुवया उंचावेन. घसरण खोटी नव्हती. "नऊ सामने जिंकणाऱ्याला काढलं" हे वाक्य ऐकायला जितकं अन्यायाचं वाटतं, तितकं ते प्रकरण साधं नव्हतं.

पण फाईलमध्ये पुढचंही पान होतं.

2002 नंतर सोलिच हातावर हात धरून बसले नाहीत. त्यांनी आपल्याच जुन्या सहकाऱ्यांना दूर केलं, आणि घरच्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. बचावाचे प्रमुख क्रेग बोल यांना त्यांनी जायला सांगितलं. (हेच बोल पुढे नॉर्थ डकोटा स्टेटमध्ये गेले आणि 2011 ते 2013 अशी सलग तीन वर्षं खालच्या श्रेणीतली राष्ट्रीय विजेतेपदं घेऊन आले. माणूस टाकाऊ नव्हता. कुठे कोण फळेल, सांगता येत नाही.) त्यांच्या जागी व्यावसायिक लीगमधल्या ग्रीन बे पॅकर्सकडून बो पेलिनी यांना आणलं. एका वर्षात बचावफळी ओळखू येईना इतकी बदलली. टेक्सास, मिझुरी आणि कॅन्सस स्टेट यांच्याविरुद्धचे तीन पराभव सणसणीत होते, हे मान्य. घरच्या मैदानावर कॅन्सस स्टेटने 38-9 केलं. पण 7-7 वरून एका वर्षात 9-3, आणि तेही मुख्य दुखणं नेमकं ओळखून त्यावर उपाय केल्यानंतर. या अवस्थेतल्या कोचला मी तरी आणखी एक हंगाम दिला असता.

अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख, स्टीव्ह पेडरसन यांनी दिला नाही. तेही नेब्रास्काचेच, नॉर्थ प्लॅटचे. पिट्सबर्गहून डिसेंबर 2002 मध्ये परत आलेले, म्हणजे पदावर येऊन वर्षही झालं नव्हतं. शुक्रवारी 28 तारखेला संघाने कोलोरॅडोला त्यांच्याच मैदानावर 31-22 ने हरवलं, आणि शनिवारी सोलिच यांच्या हातात नारळ. संघाला सामान्यपणाकडे घसरू देणार नाही आणि बिग 12 ओक्लाहोमा-टेक्सासला आंदण देणार नाही, अशा अर्थाचं पेडरसन तेव्हा बोलले. वाक्य बाणेदार होतं. पुढची सगळी वर्षं ते त्यांच्याच गळ्यात अडकलं.

आता माझ्या कामाचा भाग. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, कोचला काढणं म्हणजे एक सही. प्रत्यक्षात त्या सहीच्या दुसऱ्या मिनिटापासून घड्याळ सुरू होतं. सहायक कोचेसचे करार बहुतेक वेळा मुख्य कोचच्या भरवशावर असतात. ते लगेच दुसरीकडे फोन लावतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. शाळकरी खेळाडू, ज्यांनी तोंडी होकार दिलेला असतो, त्यांच्या घरी त्याच रात्री इतर विद्यापीठांचे फोन जातात: "तिकडे कोचच नाही, तुझी स्कॉलरशिप नवा माणूस पाळेल कशावरून?" हल्ली डिसेंबरमध्येही सह्या होतात, पण तेव्हा एकच मुहूर्त होता, फेब्रुवारीचा पहिला बुधवार. 2004 मध्ये तो 4 फेब्रुवारीला आला. म्हणजे 29 नोव्हेंबरपासून हातात जेमतेम साडेनऊ आठवडे, त्यात नाताळ.

त्यातले जवळपास सहा आठवडे पेडरसन यांनी शोधात घालवले. आर्कान्सॉच्या ह्यूस्टन नट यांनी नकार दिला, तो जगजाहीर झाला. नेब्रास्काची नोकरी कुणी नाकारतं, हेच त्या राज्याला नवीन होतं. दरम्यान पेलिनी हंगामी कोच झाले आणि अलामो बोलमध्ये मिशिगन स्टेटला 17-3 ने हरवून मोकळे झाले. स्टँडमधून लोक "आम्हाला बो हवा" असं ओरडत होते. पेडरसन यांनी त्यांना नेमलं नाही. 41 दिवसांनी, 9 जानेवारी 2004 ला, ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाचे माजी कोच बिल कॅलहन यांचं नाव जाहीर झालं. सह्यांच्या मुहूर्ताला चार आठवडेसुद्धा उरले नव्हते.

माझा मुख्य आक्षेप या 41 दिवसांवर आहे. काढणं हा अर्धाच निर्णय; आणायचं कुणाला, हा उरलेला अर्धा. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर खिशात नसेल, तर पहिला अर्धा घ्यायची घाई का?

कॅलहन काही ऐरागैरा नव्हते. त्यांच्या रेडर्सनी जानेवारी 2003 मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, खेळलेला. पण त्यांनी आणलेला खेळ आणि हाताशी असलेली पोरं यांचं जमणं अवघड होतं. हे जरा जवळून बघू, कारण इथे बहुतेक चर्चा वरवर जाते. नेब्रास्का वर्षानुवर्षं ऑप्शन खेळायचं. त्यात क्वार्टरबॅक बॉल घेऊन कडेला पळतो. समोरच्या टोकाच्या बचावपटूला मुद्दाम कुणी अडवत नाही. तो क्वार्टरबॅकवर धावून आला, की बॉल बाजूच्या धावपटूकडे उडवायचा. तो धावपटूकडे सरकला, की बॉल पोटाशी धरून आपणच आत घुसायचं. यासाठी क्वार्टरबॅक पळणारा लागतो, हात जेमतेम चालला तरी भागतं. पुढच्या फळीतले धिप्पाड गडी बॉल खेळात येताच पुढे झेपावतात, समोरच्याला मागे रेटतात. कॅलहन यांचा वेस्ट कोस्ट पद्धतीचा खेळ नेमका उलटा. क्वार्टरबॅकने मोजून पावलं मागे जायचं आणि ठरलेल्या क्षणी ठरलेल्या जागी बॉल फेकायचा. तोवर त्याच गड्यांनी मागे सरकत, हात पुढे धरून, त्याच्याभोवती भिंत उभी ठेवायची. स्नायू वेगळे, सवय वेगळी, निवडच वेगळी. तेव्हा 85 स्कॉलरशिप असायच्या. त्यांतली बहुतेक पहिल्या खेळासाठी दिलेली. ती बदलायला तीन-चार वर्षं जातात. वाफसा निघून गेल्यावर बियाणं बदलण्यातला प्रकार, आणि तोही मक्याच्या राज्यात.

2004 मध्ये 5-6. 1961 नंतरचा पहिला पराभूत हंगाम. टेक्सास टेककडून 70-10. 1969 पासून सलग 35 वर्षं हंगामाअखेरचा बोल सामना खेळणारा संघ त्या वर्षी घरी बसला. पुढे 8-4, मग 9-5 आणि गटविजेतेपद. म्हणजे नवा खेळ रुजायला लागला होता, हेही नोंदवलं पाहिजे. पण बचाव कोलमडला. 2007 मध्ये कॅन्ससने, बास्केटबॉलसाठी ओळखल्या जाणाऱ्या कॅन्ससने, 76 गुण केले. त्याआधीच, ऑक्टोबरात, ओक्लाहोमा स्टेटने घरच्या मैदानावर 45-14 केल्यावर पेडरसन यांची गच्छंती झाली होती आणि ऑस्बॉर्न यांना अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणून परत बोलावलं होतं. हंगाम संपताच कॅलहनही गेले: 27 विजय, 22 पराभव. आणि ऑस्बॉर्न यांनी नेमलं कुणाला? बो पेलिनींना. चार वर्षांपूर्वी घरातच असलेल्या माणसाला.

"म्हणजे काढणं चुकलंच ना?" थांबा. आता जॉर्जिया विद्यापीठाकडे या.

29 नोव्हेंबर 2015. बरोबर बारा वर्षांनी, तीच तारीख. जॉर्जियाने कोच मार्क रिक्ट यांना काढलं. आदल्या दिवशी त्यांनी जॉर्जिया टेक या कट्टर प्रतिस्पर्ध्याला हरवलं होतं. हंगामाचा आकडा? 9-3. पंधरा हंगाम, 140 च्या वर विजय, सभ्य म्हणून ख्याती असलेला माणूस. तेव्हाही टीकाकारांनी सोलिच यांचं उदाहरण पुढे केलं: बघा, नेब्रास्काचं काय झालं. आणि पुढे काय झालं? कर्बी स्मार्ट आले, आणि जॉर्जियाने 2021 आणि 2022 अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. दुसरं तर टीसीयूला 65-7 ने लोळवून.

तारीख तीच, आकडा तोच, आदल्या दिवशीचा विजयही तसाच, आणि शेवट असा उलटा. मग 9-3 हा आकडा आपल्याला काहीच सांगत नाही. फरक होता तो भोवतालच्या गोष्टींत. जॉर्जियाला माणूस माहीत होता: अलाबामाचा बचाव सांभाळणारा, जॉर्जियाचाच माजी खेळाडू, ज्याच्यावर इतरांचाही डोळा होता. नाव जाहीर व्हायला सात दिवस लागले. खेळाची जात बदलली नाही, फक्त धार वाढली. आणि तिसरी गोष्ट, जी कोणत्याही डायरेक्टरच्या हातात नसते: जॉर्जिया राज्याची वस्ती एक कोटीच्या घरात, आणि शाळकरी फुटबॉलपटूंची ती खाणच आहे. तिथे नवा कोच गाडीत बसून दोन तासांत जितके चांगले खेळाडू भेटून येतो, तितके लिंकनहून निघालेल्या कोचला विमानाने फिरून भेटावे लागतात. जॉर्जियात चूक झाली, तरी ती भरून निघते. नेब्रास्कात खेळाडूंची साखळी एकदा तुटली की तुटली, कारण तिथला माल बाहेरून येतो आणि तो नावावर येतो.

यावरून कुणी म्हणेल, मग लवकर माणूस नेमला की झालं. तसंही नाही, आणि त्याचा दाखला नेब्रास्कानेच दिला आहे. पेलिनींनी 2008 पासून प्रत्येक वर्षी किमान नऊ सामने जिंकले, आणि जवळपास दरवर्षी चार हरले. तोंडाने फटकळ, मैदानात संताप, डायरेक्टरशी पटेना. 28 नोव्हेंबर 2014 ला आयोवाला जादा वेळेत 37-34 ने हरवलं, आकडा 9-3, 30 तारखेला तेव्हाचे डायरेक्टर शॉन आयकॉर्स्ट यांनी त्यांना काढलं. (या 9-3 ला काही तरी शनीची साडेसाती असावी.) या वेळी शोध आठवड्याच्या आत संपला. ओरेगन स्टेटचे माइक रायली आले, अत्यंत सज्जन, वय 61, तिथला एकूण हिशेब 93-80, आणि नुकताच संपलेला हंगाम 5-7. नेब्रास्कात तीन वर्षांत 19-19. घाई होती, दिशा नव्हती. पेलिनींच्या फटकळपणावर उतारा म्हणून गोड माणूस शोधला, एवढंच मला त्या नेमणुकीत दिसतं. जाणाऱ्याच्या स्वभावाच्या उलट स्वभाव नेमायची ही खोड आमच्या धंद्यात सर्रास आढळते.

मग स्कॉट फ्रॉस्ट, 1997 च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, घरचा पोरगा, सेंट्रल फ्लोरिडाला 13-0 करून आलेला. त्या वेळी देशातल्या कुणालाही विचारलं असतं, तर हीच नेमणूक सुचवली असती. हिशेब निघाला 16-31. 2021 मध्ये नऊ सामने हरले, आणि नऊच्या नऊ दहापेक्षा कमी गुणांनी. 11 सप्टेंबर 2022 ला, जॉर्जिया सदर्नकडून 45-42 हरल्यावर दुसऱ्या दिवशी काढलं. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबले असते, तर द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून 75 लाखांवर येणार होती. वीस दिवसांसाठी 75 लाख डॉलर! माझ्यासारख्या हिशेबनिसाच्या पोटात गोळा येतो. पण तेव्हाचे डायरेक्टर ट्रेव्ह अल्बर्ट्स यांचा तो निर्णय मला पेडरसन यांच्यापेक्षा शहाणा वाटतो. त्या वीस दिवसांत त्यांनी शोध उघडपणे सुरू केला, हंगाम संपता संपता नवे कोच म्हणून मॅट रूल यांचं नाव पक्कं झालं, आणि नव्या खेळाडूंची भरती वाऱ्यावर राहिली नाही.

म्हणून ऑफिसातल्या मंडळींच्या "शापा"वर माझा विश्वास नाही. 2003 च्या चुकीची किंमत कॅलहन यांच्या चार वर्षांत आली, आणि पेलिनींच्या सात वर्षांत बरीचशी वसूलही झाली. त्यानंतरची पडझड स्वतंत्र आहे; ती 2014 च्या चुकीच्या नावावर घाला. शिवाय सोलिच राहिले असते तरी ऑस्बॉर्न यांचा काळ परत आला असता, असं मानायला आधार नाही. नव्वदच्या दशकात स्कॉलरशिपची मर्यादा 85 वर आली, तशी मोठ्या संघांना चांगले खेळाडू राखीव म्हणून साठवून ठेवता येईनात. 1996 पासून बिग 12 मध्ये टेक्सासची विद्यापीठं आली, सत्तेचं केंद्र दक्षिणेला सरकलं. सगळे सामने सगळीकडे दिसू लागले, तेव्हा लिंकनला जाऊनच टीव्हीवर झळकता येतं, हे आकर्षणही संपलं. या सगळ्याचा भार सोलिच यांच्या कारकिर्दीवर आधीच पडला होता. पेडरसन यांनी आजार ओळखला होता, असं मी म्हणेन. पण तो कोचच्या अंगात आहे, असं त्यांनी धरलं.

राहिला प्रश्न, सोलिच कोच म्हणून मुळात होते कसे. त्यांची बाजू घेणारे ओहायो विद्यापीठाचा दाखला देतात. 2005 ते 2020, सोळा हंगाम, 115 विजय, आणि त्या विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला बोल विजय, 2011 चा. विरोधक त्याच कागदाची मागची बाजू दाखवतात: चार वेळा कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पोहोचले, चारही वेळा हरले. दोन्ही खरं आहे. मी हा पुरावा मोजतच नाही, कारण 29 नोव्हेंबर 2003 ला पेडरसन यांच्या टेबलावर तो नव्हता. टेबलावर होती 16-12 ची घसरण, नुकती बदललेली आणि चालू लागलेली बचावफळी, शेजारच्या खोलीत बसलेले पेलिनी, आणि नव्या कोचच्या नावाची रिकामी जागा.